बंदूक खाली आहे

मक्याच्या कणसात दूध भरलं की आमच्या गावात कुणी कुणाला 'झोप झाली का' असं विचारत नाही. झालेली नसतेच. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे. भाद्रपद सरता सरता डोंगरातली रानडुकरं शिवारात येतात, आणि पुढचा महिना दीड महिना अख्खं गाव डोळ्यांत तेल घालून बसतं. यंदा माझ्या दिराने, म्हणजे संजूभाऊजींनी, नवीच शक्कल काढली. स्वतःचंच ओरडणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि मक्याच्या मधोमध भोंगा बांधला. सुरुवातीला 'हाट, हाट', मग शिट्टी, मग डब्याचा आवाज, आणि मग डुकरांच्या आईबापांचा उद्धार. सकाळी तो भोंगा बंद करायला ते विसरतात. मी शाळेत जायला निघते तेव्हा मुलांच्या प्रार्थनेआधी माझ्या कानावर ही आरती पडते. डुकरं सुरुवातीला बिचकली, आता भोंग्याखालीच कणसं खातात.

परवा सकाळी शेजारच्या वावरात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. मी पोळ्या लाटत होते. माझ्या हातातलं लाटणं सुटून पार दारापर्यंत गेलं. आत्याबाई भेंडी चिरत बसल्या होत्या. त्यांनी विळी बाजूला ठेवली, उजवा तळहात डोळ्यांसमोर धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि पुन्हा भेंडी घेतली. बाहेर भोंगा चालूच होता.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. इकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. मी कऱ्हाडची. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मावशीने नकाशा काढून हे गाव शोधलं आणि पोरगी मध्य प्रदेशात देताय की काय, असं माझ्या वडिलांना तोंडावर विचारलं. मी मराठीची एम. ए. जळगाव जामोदच्या हायस्कुलात मराठीच शिकवते. आणि याच बाईला या घरात पहिल्या वर्षी मराठी कळत नव्हती. आत्याबाईंनी एकदा गंज घासून ठेवायला सांगितला. मी पॉलिश पेपर आणला आणि दुपारभर खिडकीच्या लोखंडावरचा गंज घासला. हात सोलवटले. त्यांना हवं होतं दुधाचं पातेलं. इकडे पातेल्याला गंज म्हणतात, हे मला कोण सांगणार? सांबार आण म्हटल्यावर मी डाळ शिजवायला ठेवली, तर त्यांना हवी होती कोथिंबीर. डोळ्याला डोया आणि गोळीला गोयी म्हणणारी ही माणसं माझ्यावर पोट धरधरून हसायची, आणि मीही कमी नव्हते, मीही त्यांची नक्कल करून दाखवायची. ते हसणं आठवलं की अजून बरं वाटतं. भाषेवरून माणसं फक्त हसतात, असं मला तेव्हा वाटत होतं.

तेव्हा घरात बंदूक होती. शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेली, मामाजींच्या वडिलांपासूनची, ठासणीची. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. मी फोनवर आईला मामाजी खामगावला दारू आणायला गेलेत असं सांगितलं, तर तिकडे घरभर रडारड व्हायची वेळ आली होती. मामाजींनी उभ्या जन्मात दोनच डुकरं मारली असतील. बाकी सगळे बार हवेत. पण दर सालच्या हंगामात गोळ्या ओतायच्या म्हणजे ओतायच्याच, आणि त्या कशा लागतात ते तपासून पाहायचं म्हणजे पाहायचंच.

शिसं यायचं पूर्णाकाठच्या भोई लोकांकडून. फाटलेल्या जाळ्यांच्या कडेला ओवलेले मणी असतात, ते. मामाजी अंगणात तीन दगडांची चूल मांडायचे आणि लोखंडी पळीत ते मणी वितळवायचे. एवढी जड, मळकट वस्तू, पण वितळली की तिच्यात आभाळ दिसायचं. वर राखाडी साय धरायची, ती लिंबाच्या काडीने बाजूला सारायची. मग साचा, सांडशीसारखा, दोन पाकळ्यांचा. त्यात धार सोडायची, जरा थांबायचं, पाकळ्या उघडायच्या आणि गोळी गोधडीच्या तुकड्यावर पडायची. गरम शिशाचा एक वास असतो, गोडसर आणि ओंगळ. आत्याबाई त्या वेळी आम्हाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवायच्या आणि पदर नाकाला लावायला लावायच्या. मला एक काम मिळालं होतं. स्टीलचं ताट उपडं करायचं आणि त्यावर एकेक गोळी सोडायची. जी सरळ गेली ती डब्यात. जी लंगडत गेली ती पुन्हा पळीत. मला ते काम भारी आवडायचं. मामाजी मान वर न करता विचारायचे, लंगड्या किती निघाल्या, आणि मी मुद्दाम जास्त सांगून त्यांना चिडवायची. खरं सांगायचं तर माझे वडील माझ्याशी एवढं बोलत नसत. या घरात मला पहिल्यांदा घरचं वाटलं ते त्या चुलीपाशी.

गोळ्या झाल्या की दुसऱ्या दिवशी नाल्यात जायचं. तिथे दरडीला जुन्या दाराची फळी टेकवलेली, तिच्यावर चुन्याचं वर्तुळ. गल्लीतली चार माणसं यायची. पाण्याच्या कळशा, शेंगदाणे, गप्पा. मामाजी एक बार काढायचे, धूर विरायची वाट पाहायचे, मग संथपणे फळीपर्यंत चालत जाऊन भोकावर बोट ठेवायचे. वर्तुळात लागली असेल तर काहीच बोलायचे नाहीत. बाहेर लागली असेल तर त्या गोळीच्या जन्मापासूनची कथा सांगायचे.

पण त्याआधी घरी अंगणात एक रिवाज असायचा. सालभर पडून असलेल्या बंदुकीचं छिद्र मोकळं आहे का, ते पाहायला मामाजी रिकाम्या बंदुकीवर नुसती टोपी फोडायचे. नळी मोकळी असली तर टोपीची फुंकर पार तोंडातून बाहेर येते. ती आली की नाही हे कळायला बंदुकीच्या तोंडासमोर पेटता दिवा धरायचा. दिवा विझला की नळी साफ. आणि तो दिवा धरायच्या आत्याबाई. जरा बाजूला उभं राहून, उजवा हात लांब करून, तळहातावर मातीची पणती. लग्नाच्या दुसऱ्या सालापासून त्याच धरत आल्या होत्या. मी पहिल्या वर्षी ओरडलेच. सगळे हसले. मामाजींनी मला जवळ बोलावलं, नळीत गज घालून दाखवला, तो बुडापर्यंत कसा जातो ते दाखवलं, आणि मग टोपी फोडली. पुट्ट. पणती विझली. आत्याबाईंच्या तोंडावर नव्या नवरीसारखं हसू होतं. बंदुकीसमोर उभं राहण्यात कसला आलाय मान, असं मला वाटलं, पण त्यांना तो मान होता. गावात दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने बायकोवर एवढा भरवसा टाकला नसेल, असं त्या म्हणायच्या. भरवसा कोण कुणावर टाकतंय, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीची, टोपी फोडायच्या दिवसाची सकाळ.

रात्री डुकरं आली म्हणून संजूभाऊजी बंदूक घेऊन वावरात गेले होते. भरली, पण बार काढायची वेळच आली नाही. पहाटे आले, बंदूक ओसरीच्या कोपऱ्यात उभी केली आणि नांदुऱ्याच्या बाजाराला पहिल्या गाडीने निघून गेले. बंदुकीची जागा खरं म्हणजे माडीवर, दोन खुंट्यांवर. मी झाडताना पाहिलं, ती ओसरीत होती. मला एवढंच ठाऊक होतं.

मामाजी मोरीपाशी उभे होते, तोंडात बाभळीचं दातण. दातण चावत चावतच त्यांनी मला काहीतरी विचारलं. त्यातला 'बंदूक' एवढा एकच शब्द मला कळला. ते माडीकडे हात करत होते. मला वाटलं, कुठे आहे म्हणून विचारतायत. मी म्हटलं,

"खाली आहे."

ते बरं म्हणाले. आणि मी पोह्यांकडे वळले.

कऱ्हाडला खाली म्हणजे खाली. वर नाही ते खाली. इथे त्याला खालतं म्हणतात. इथे खाली म्हणजे रिकामं. गाडी खाली, घर खाली, डबा खाली. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. रोज ऐकत होते. पण जीभ आपल्या गावाची असते, तिला एवढ्या सकाळी कोण समजावणार? आणि गज घालून पाहायचा रिवाज होता, पण घरच्या सुनेने बंदूक खाली आहे असं सांगितल्यावर कुठला सासरा गज घालतो?

तो आवाज मी कानांनी ऐकला नाही. तो पोटात झाला. घरातली भांडी वाजली, गोठ्यात गाय दावं तोडून उभी राहिली, आणि मग असं काही शांत झालं की पोह्यांखालचा गॅस ऐकू यायला लागला. मी बाहेर आले. अंगणभर पांढरा धूर. धुरात मामाजी, बंदूक अजून खांद्याला. समोर आत्याबाई. हात तसाच लांब केलेला, तळहात तसाच वर. तळहातावर पणती नव्हती. काहीच नव्हतं. मग तिथे लाल दिसायला लागलं, आणि कोपरावरून थेंब पडायला लागले. गोळी मागच्या गोठ्याच्या भिंतीत गेली होती, पणतीच्या ठिकऱ्या तळहातात. मी त्यांना धरलं तर त्या लाकडासारख्या ताठ. डोळे मामाजींवर लागलेले. मी ओरडत होते, हलवत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या मोठ्यांदा, बहिऱ्या माणसासारख्या बोलल्या.

"दिवा इझला ना?"

देवा रे.

खामगावच्या दवाखान्यात ठिकऱ्या काढल्या. बोटं वाचली. उजव्या कानात पुढे कित्येक महिने शिट्टी वाजत होती. त्या दिवशी घरी परत आल्यावर ओसरीत सगळे बसले होते. बाजारातून परतलेले संजूभाऊजी खांबाला डोकं टेकून लहान मुलासारखे रडत होते. चुलत सासऱ्यांनी विचारलं की भरलेली बंदूक खाली आहे असं सांगितलं कुणी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले की हो, खालीच होती, ओसरीत. आणि बोलता बोलताच मला कळलं. त्यांनाही कळलं. माझे पती प्रमोद माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी कुणी परदेशी बाई आहे. मला वाटलं, आता हे मला कऱ्हाडच्या गाडीत बसवून देणार. तेव्हा मामाजी दिवसभरात पहिल्यांदा बोलले.

"तिनं बराबर सांगतलं. म्या बराबर आयकलं."

बस. एवढंच. त्यानंतर त्या विषयावर या घरात मला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मामाजींनी बंदूक ठाण्यात नेऊन जमा केली, परवाना सोडला, आणि उरलेल्या गोळ्या पूर्णेत टाकून आले. मला वाटलं, संपलं.

संपलं कुठलं? हळूहळू माझ्या लक्षात आलं की आत्याबाई मामाजींच्या समोर येत नाहीत. राग नाही, अबोला नाही. चहा द्यायच्या, पण बाजूने. ताट वाढायच्या, पण पाठीमागून हात लांब करून. मामाजी ओसरीत बसले असले की त्या मागच्या दाराने जायच्या. सणावाराला सगळे समोरासमोर बसले की त्यांना नेमकं काहीतरी काम आठवायचं. आयुष्यभर एका माणसाच्या डोळ्यांत पाहून भांडलेली, हसलेली बाई. मामाजींना हे कळलं होतं. ते मान घालून जेवायला लागले. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. दिवसच्या दिवस भिंत पाहायची. मला ते बघवत नसे. एवढा रांगडा माणूस, गावाला दम देणारा, आणि बायकोने एकदा समोर यावं म्हणून स्वतःचं तोंड लपवून बसलेला.

माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. एका वर्षी गच्चीवर मक्याची कणसं वाळत घालताना मी आत्याबाईंना सरळ विचारलं की अजून किती दिवस राग धरणार आहात. त्यांना माझं बोलणं लागलं असावं. कणसं खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"राग काऊन येईन बाई मले? चूक त्यायची नव्हती, तुहीबी नव्हती." मग डोंगराकडे पाहून म्हणाल्या, "दरसाली ते नुसती टोपी फोडत. हसत रायत. त्या दिवशी दिवा हालत होता म्हणून त्यायनं नेम धरला. एक डोया मिटला, एक उघडा. म्या तो डोया पाह्यला. त्या डोयाले मी कोन हाय ते मालूम नव्हतं."

मी हादरले. बंदुकीचा आवाज झाला तेव्हाही एवढी हादरले नव्हते. मी इतकी वर्षं एका शब्दाला शिव्या घालत होते. वर्गात मुलांना बोलीभाषा शिकवताना 'खाली' शब्द आला की फळ्याकडे तोंड फिरवत होते. आणि या बाईला शब्दाचं काही पडलेलंच नव्हतं. तिला गोळीचंही पडलं नव्हतं. डुकराकडे पाहताना माणसाचा डोळा जसा होतो, तसा तो तिला एका क्षणासाठी आपल्या नवऱ्याचा दिसला होता, आणि तो पुन्हा दिसेल या भीतीने ती त्याच्यासमोर जात नव्हती. हे मी कुणाला सांगणार? प्रमोदना सांगितलं नाही. मामाजींना तर नाहीच. त्यांना हे कळलं असतं तर ते भिंतीकडेही पाहायचे राहिले असते.

यंदा पोळ्यानंतर मामाजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खामगावहून आले ते मोठा काळा चष्मा लावून. गल्लीतली माणसं त्यांना हिरो म्हणून चिडवून गेली. त्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून पाहिलं. आत्याबाई ताट घेऊन मामाजींच्या समोर बसल्या होत्या. अगदी समोर, मांडी घालून. भाजी कशी झाली म्हणून विचारत होत्या. मामाजींचा घास हातात तसाच. काळ्या काचांमागे डोळे कुठे आहेत ते कळत नव्हतं, आणि म्हणूनच त्या बसल्या होत्या.

मामाजी खुळे नाहीत. त्यांना कळलं. डॉक्टरांनी चष्मा काढायला सांगितला तरी त्यांनी काढला नाही. रात्री जेवताना चष्मा, अंधारात ओसरीत बसताना चष्मा. दाराच्या चौकटीवर आपटून कपाळाला टेंगूळ आलं, तरी चष्मा. संजूभाऊजी त्यांना चेष्टेने बोलायचे, प्रमोद वैतागायचे की डोळ्याला उजेडाची सवय व्हायला नको का. मामाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मी एकटीच काही बोलत नव्हते. म्हातारपणी दिसायला लागावं म्हणून डोळा कापून घेतला आणि बायको समोर बसावी म्हणून तो झाकून ठेवला. याला काय म्हणावं?

डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे. दुपारी शाळेतून आले की पहिलं तेच. काल मी बाटली घेऊन गेले तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, तोच, व्रण असलेला. मी बाटली दिली. मामाजी खाटेवर बसले होते, चष्म्यासकट. त्यांना वाटलं मीच आहे, म्हणून त्यांनी सवयीने चष्मा काढायला हात वर नेला, आणि समोर कोण आहे ते दिसल्यावर हात तसाच खाली घेतला. थेंब आज राहू दे, असं काहीतरी पुटपुटले. आत्याबाईंनी वाकून स्वतःच तो चष्मा काढला. मामाजींनी ऑपरेशनचा डोळा उघडा ठेवला आणि दुसरा, उन्हाने असेल, मिटून घेतला.

आत्याबाईंचा श्वास अडकलेला मला दारातून ऐकू आला. मी पुढे झाले. त्यांनी मागे न पाहता हाताने मला थांबवलं.

"दोन्ही डोये उघडा," त्या म्हणाल्या.

मामाजींनी दोन्ही डोळे उघडले. कसे ते सांगता येत नाही मला. घाबरलेले, पाण्याने भरलेले, म्हातारे डोळे, आणि त्या दोन्हींत आत्याबाई. त्यांनी बाटली धरली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा डोळ्यात. थेंब पडला की माणसाचा डोळा मिटतोच. मामाजींनी मिटू दिला नाही. औषध झोंबत होतं, कडांनी पाणी वाहत होतं, हनुवटी हलत होती, तरी ते दोन्ही डोळे ताणून तिच्याकडे पाहत राहिले.

"मिटा आता," आत्याबाई म्हणाल्या. "मी हाय समोर."